देशोदेशीचा तिखट मका चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतली आम्ही काही घरं अधूनमधून एकत्र बसतो आणि निरनिराळ्या देशांतले मक्याचे पाकीटबंद तिखट पदार्थ चाखतो. कुणाचा मुलगा अमेरिकेतून येताना आणतो, कुणाची भाची पुण्याहून पाठवते, काही पाकिटं इथंच मिळतात. नव्यानं येणारे, आणि "आम्हालाही साताऱ्यात असं करायचंय" म्हणणारे, साधारण तेच तेच विचारतात. त्याची उत्तरं इथं एका जागी लिहिली आहेत.

ही पार्टी आहे की स्पर्धा?

दोन्ही नाही. जेवण होऊन दोनेक तास झाले की बसायचं, पाच-सहा पाकिटं फोडायची, प्रत्येकातलं थोडंसं लक्ष देऊन खायचं आणि काय लागलं ते लिहायचं. कोण जास्त तिखट सोसतो हे आम्ही बघत नाही. ते बघायला लागलं की चव बाजूला राहते आणि उरतो तो फक्त घाम.

मक्याचेच का? बटाट्याचे वेफर्स का नाहीत?

बटाट्याच्या वेफर्सवर काहीही भुरभुरा, खालचा बटाटा गप्प बसतो. मका गप्प बसत नाही. त्याला स्वतःचा वास आणि गोडवा आहे, आणि कारखान्यात त्याचं काय केलं यावर तो पार बदलतो.

मुख्य फरक चुन्याचा. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात मुरू देतात, मग सालं धुऊन ओलेच वाटतात. या प्रक्रियेला निक्सटमलायझेशन म्हणतात. आपल्याकडे कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्या घट्ट राहाव्यात म्हणून. तिकडे चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, पीठ एकमेकाला धरतं, त्याची पोळी लाटता येते आणि एक विशिष्ट वास येतो. भाजलेल्या कणसाचा नव्हे, किंचित मातकट, ओल्या भिंतीला चुना लावल्यावर येतो त्याच्या जवळचा. नाचोज किंवा टॉर्टिया चिप्सचं, म्हणजे अशा पोळीच्या तळलेल्या तुकड्यांचं, पाकीट फोडल्यावर पहिला जो वास नाकात शिरतो तो हाच. मसाला त्यानंतर येतो.

या चुन्याचा फायदा चवीपुरता नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला नीट मिळत नाही, चुन्यामुळे ते मोकळं होतं. मका युरोपात गेला, अमेरिकेच्या दक्षिणेत गरिबांचं मुख्य अन्न झाला, पण ही रीत सोबत गेली नाही, आणि तिथं पेलाग्रा या नायसिनच्या अभावानं होणाऱ्या रोगाच्या साथी आल्या. मेक्सिकोच्या बायाबापड्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण रीत पक्की होती. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

दुसरा प्रकार फुगवलेल्या मक्याचा. इथं चुना नाही. मक्याचा रवा थोडा ओला करून यंत्रात दाबतात. दाबामुळे आणि घर्षणामुळे तो तापतो आणि बारीक भोकातून बाहेर पडताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि तो फुलतो. चीटोज असे होतात, आपले कुरकुरेही याच कुळातले. यात मक्याचा गोडवा असतो, तो चुन्याचा वास नसतो. हलकं, पोकळ आणि मसाला भरपूर धरून ठेवणारं.

तिसरा प्रकार अख्ख्या दाण्याचा, तळलेला किंवा भाजलेला. तो चावायला जबड्यात ताकद लागते.

हे तीन प्रकार डोळे मिटून ओळखता येऊ लागले की चाखण्यात खरी गोडी लागते. माझं सांगणं एवढंच असतं की तिखट आपल्याला कळतंच, लक्ष मक्याकडे द्या.

कोणत्या देशांची पाकिटं ठेवता?

मेक्सिकोशिवाय बैठक होत नाही. तिथलं ताकीस हे बार्सेल कंपनीचं, म्हणजे ग्रुपो बिंबो या मोठ्या उद्योगाचं. १९९९ पासून बाजारात आहे. पापडाची सुरळी करावी तशी मक्याच्या पातळ पोळीची घट्ट सुरळी करून तळलेली असते. 'फुएगो' हा त्यातला प्रसिद्ध प्रकार, मिरची आणि लिंबाचा. दाताखाली आधी टणक लागतो, मग कडकन तुटतो. पहिला हल्ला तिखटाचा नसतोच, आंबटाचा असतो, सायट्रिक अॅसिडचा. जिभेच्या कडा आकसतात, मग खारट, आणि तीन-चार सेकंदांनी मिरची मागून येते. नवख्यांना हे एकच तिखट वाटतं. एक सुरळी तोंडात धरून, न चावता, नुसती पूड विरघळू दिली तर तिन्ही चवी वेगळ्या मोजता येतात. पूड संपल्यावर ती चावायची, तेव्हा चुन्याचा मका लागतो.

अमेरिकेची दोन. डोरिटोज १९६६ मध्ये देशभर विकायला आलं, ते टॉर्टिया चिप्सच्या कुळातलं. फ्लेमिन हॉट चीटोज फुगवलेलं. दोन्ही फ्रिटो-ले कंपनीचीच, त्यामुळे एका घरातल्या दोन पद्धती शेजारी ठेवून बघता येतात, म्हणून मी ती जोडीनंच देतो. चीटोजमध्ये चीज असल्यानं तिखटाला एक स्निग्ध गादी मिळते, आग थोडी दबते. डोरिटोजचा स्वीट चिली प्रकार आपल्याकडेही मिळतो. तो तिखट म्हणून फारसा नाही, पण गोड आणि तिखट एकत्र कसं वागतं हे समजायला चांगला.

कोरियाची पाकिटं बघताना मात्र वेळ काढा, कारण तिथं पोताचा विचार फार केलेला असतो. लोट्टे कंपनीचं कोक्कलकॉन १९८३ पासून आहे, शंकूच्या आकाराचं. तिकडची पोरं ते बोटांच्या टोकांवर घालून खातात, अगदी आपली पोरं पिवळ्या नळ्या बोटांत घालतात तशीच. त्याचा एक तिखट-गोड प्रकार येतो. ओरायन कंपनीचे टर्टल चिप्स २०१७ चे, चार पापुद्र्यांचे, आतून पोकळ. चावल्यावर एकदम न तुटता थराथरानं तुटतात. कॉर्न सूपच्या चवीचा त्यांचा मूळ प्रकार तिखट नाही, पण मक्याची चव इतकी स्वच्छ दुसऱ्या कुठल्या पाकिटात मला क्वचितच मिळाली. आता भारतात तयार झालेले टर्टल चिप्सही दुकानात दिसतात, त्यांत मसाला प्रकार आहे. कोरियन आणि भारतीय पाकीट शेजारी ठेवलं की मसाल्याबद्दलच्या दोन देशांच्या कल्पना लगेच दिसतात.

फिलिपिन्सचं कॉर्निक म्हणजे अख्खे दाणे भिजवून तळलेले. बॉय बावांग हा त्यातला सर्वांना माहीत असलेला ब्रँड. लसूण इतका की सांगलीकर माणूस लगेच आपलासा करतो. तिखट प्रकारही असतात. कवळी असलेल्यांनी जपून.

स्पेनचे किकोस हेही दाणेच, पण मोठे. पेरूमध्ये कुस्को भागात पांढरा, नखाएवढ्या दाण्यांचा मका होतो, त्या जातीचे दाणे यासाठी वापरतात. तिखट जवळजवळ नाही. दोन तिखट पाकिटांच्या मधे विश्रांतीला ठेवतो.

जपानचं कोइकेया कंपनीचं डॉन टाकोस ठेवतो कधी कधी. तिखट सौम्य. दक्षिण आफ्रिकेचं निकनॅक्सही तसंच, वेड्यावाकड्या काड्या आणि चीजची चव.

आणि भारत. कुरकुरे १९९९ चे, पण ते निव्वळ मक्याचे नाहीत. तांदूळ, मका आणि हरभऱ्याचं पीठ त्यात असतं, म्हणून त्याची चव शेवेच्या जवळ जाते. कॉर्निटोजचे नाचोज मक्याचे. मॅड अँगल्स मिश्र पिठाचे. ही सगळी परदेशी पाकिटांच्या मधे, नाव झाकून ठेवायची. "हे कुठलं बाहेरचं, छान आहे की," असं कुरकुऱ्यांबद्दल कुणीतरी हमखास म्हणतं, आणि ते त्याचं खरं मत असतं.

नाव मक्याचं नसलेलं पण तिखट म्हणून गाजलेलं पाकीट चालेल का?

मागची बाजू वाचा. जपानचं कारामुचो आणि हबानेरो या जहाल मिरचीच्या नावाची ती गोल कडी, दोन्ही बटाट्याची. चवीला उत्तम, पण या बैठकीत बसत नाहीत.

आपण सांगली-साताऱ्याकडची माणसं. आपल्याला हे काय तिखट लागणार?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा तो प्रश्न नसून विधान असतं. "ह्ये काय तिखाट हाय व्हय?" असं म्हणून मूठभर तोंडात टाकणारे मामा प्रत्येक घरात आहेत.

आपलं तिखट वेगळ्या वाटेनं येतं. कांदा-लसूण मसाल्यात मिरच्या तेलावर परतलेल्या असतात, सोबत सुकं खोबरं, धणे, तीळ, गरम मसाला. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं आणि ते तेल रश्श्याबरोबर, भाकरीबरोबर पोटात जातं. तोंडात नुसतं तिखट कधीच नसतं. शेजारी ज्वारी असते, कांदा असतो, दही असतं. त्यामुळे कट असलेला तांबडा रस्सा ओरपणाऱ्या माणसालाही आग सावकाश आणि पसरून लागते.

पाकिटात हे काही नाही. तिखट पूड वरच चिकटलेली असते, ती थेट जिभेवर पडते. अनेकदा मिरचीच्या पुडीसोबत मिरचीचा अर्क असतो. शिवाय आम्ल आणि मीठ दोन्ही जास्त, आणि तेही आधीच चुरचुरणाऱ्या जिभेला झोंबतात. म्हणून रश्श्यात न डगमगणारी माणसं ताकीसच्या चौथ्या-पाचव्या सुरळीला थांबतात. त्यात कमीपणा काही नाही. तिखटाची सवय त्या त्या रूपाची असते.

उलटही होतं. परदेशी तिखटाला शेवट नसतो असं मला वाटतं. आग येते, जाते, आणि मागे आंबट उरतं. आपल्या मसाल्यात आग ओसरल्यावर भाजलेल्या खोबऱ्याची, तिळाची चव मागे राहते. या बाबतीत आपल्याकडचं काम सरस आहे, हे मी अनेक पाकिटं चाखून म्हणतो.

रंग जितका लाल तितकं तिखट जास्त, बरोबर?

नाही. मसाला करणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारा. ब्याडगी रंगासाठी, तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी. कारखान्यातही तेच चालतं, रंग वेगळ्या डब्यातून, आग वेगळ्या डब्यातून. रंगासाठी पाप्रिका या लाल मिरचीचा अर्क किंवा कृत्रिम रंग. अशा प्रत्येक द्रव्याला आयएनएस नावाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, पाप्रिकाच्या अर्काचा १६०सी. अमेरिकेच्या पाकिटावर 'रेड ४०' लिहितात, तोच आपल्याकडे आयएनएस १२९. 'यलो ६' म्हणजे आयएनएस ११०. युरोपात २०१० पासून या दोन्ही रंगांसह सहा कृत्रिम रंगांच्या पाकिटांवर मुलांच्या चंचलतेबद्दलचा इशारा छापावा लागतो. ताकीस खाल्ल्यावर बोटं लाल होतात ती मिरचीनं नव्हे, या रंगांनी.

आणि आयएनएस १०० दिसलं तर ओळखीचं हसा. ते करक्युमिन, हळदीतलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या गावात बसून हा आकडा न ओळखणं बरं नाही.

पाकिटावर स्कोव्हिल आकडा का नसतो?

कारण तिखटपणाचा हा आकडा मिरचीचा असतो, तयार पदार्थाचा क्वचित सांगतात. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ही पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पातळ केला की चाखणाऱ्यांना तिखट जाणवत नाही, हे बघायचं; जितके पट पातळ, तितका आकडा. हालापेन्यो साधारण अडीच ते आठ हजार, हबानेरो एक ते साडेतीन लाख, आपल्या ईशान्येची भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर. पण पाकिटावर 'हबानेरो' लिहिलं म्हणजे आत तेवढं तिखट, असं नसतं. पुडीत त्या मिरचीचा अंश किती, यावर सगळं.

आम्ही त्याऐवजी भडंगाचं माप वापरतो. सांगलीच्या भडंगाचं तिखट इथं प्रत्येकाच्या जिभेला पाठ आहे. चुरमुरे, शेंगदाणे, सालासकट ठेचलेला लसूण, तिखट, वरून चिमूट पिठीसाखर. सुरुवातीला प्रत्येकाला एक मूठ भडंग द्यायचं. मग प्रत्येक पाकिटाला 'भडंगापेक्षा कमी', 'भडंगाइतकं', 'भडंगाच्या वर' एवढंच लिहायचं. दहापैकी सात म्हणजे काय, हे दोन माणसांचं कधी जुळत नाही, भडंगाबद्दल जुळतं. साताऱ्यात बसणार असाल तर तुमच्या ओळखीचा एखादा तिखट चिवडा घ्या, सगळ्यांनी एकाच दुकानाचा.

चाखायचं कसं? क्रम काय?

सौम्याकडून जहालाकडे. तिखट एकामागून एक भराभर खाल्लं की आग चढत जाते, पुढच्या पाकिटाला मागच्याची शिक्षा मिळते. पण दहा-पंधरा मिनिटं थांबलात की जीभ काही वेळ बधिर असते आणि तेवढंच तिखट कमी लागतं. दोन्ही बाजूंनी फसगत आहे. म्हणून एका पाकिटानंतर सगळ्यांनी सारखाच वेळ थांबायचं, पाचेक मिनिटं, आणि त्या वेळात ज्वारीच्या भाकरीचा कोरा तुकडा खायचा. मीठ नसलेली ताजी भाकरी जीभ पुसून काढते. मला यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही. बिस्किटं नकोत, त्यातली साखर पुढची चव बदलते.

पदार्थ वाट्यांमध्ये काढून ठेवा, पाकिटं नजरेआड. आधी वास घ्या. मग एक तुकडा, न चावता जिभेवर. मग चावताना कान द्या: टॉर्टिया चिप्सचा आवाज कोरडा आणि एकदाच येतो, फुगवलेल्याचा बारीक बारीक, कॉर्निकचा तर शेजारच्याला ऐकू जातो. गिळल्यावर एक मिनिट बोलू नका. ते एक मिनिट पाळणं सगळ्यात अवघड जातं. कागदावर मक्याबद्दल आधी लिहा, तिखटाबद्दल शेवटी. उलट केलंत तर मक्याचा रकाना कोराच राहतो.

दोन तासांत सहापेक्षा जास्त पाकिटं नकोत.

तोंडाची आग झाली तर पाणी प्यावं का?

पाण्यानं भागत नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते तोंडभर पसरवतं. दूध, दही, ताक घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवतं. ताक गार आणि बिनमिठाचं ठेवा. साखरही मदत करते. आमच्याकडे वाटीभर तासगावचे बेदाणे ठेवलेले असतात.

चहा मात्र लगेच नको. मिरची मज्जातंतूंमधल्या ज्या ग्राहकावर, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर, काम करते तो मुळात उष्णतेसाठी आहे, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तो जागा होतो. टीआरपीव्ही१ हे त्याचं नाव, आणि त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मिरचीनं तो आधीच चेतवलेला, त्यावर कढत चहा म्हणजे आगीत तेल.

पाकिटं शाकाहारी असतात का?

सगळी नाहीत, आणि या बाबतीत अंदाजावर जाऊ नका. भारतात रीतसर आयात झालेल्या पाकिटावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका किंवा मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असतो. कुणी सामानातून आणलेल्या पाकिटावर यातलं काहीच नसतं, तेव्हा घटकांची यादी वाचावी लागते. चिकन पावडर, कोळंबीचा अर्क हे पूर्व आशियाच्या पाकिटांत वरचेवर आढळतं. आयएनएस ६३१ हे चव वाढवणारं द्रव्य मासळीपासूनही करतात आणि टॅपिओका आंबवूनही, नुसत्या आकड्यावरून कळत नाही. चीज जमवायला वापरलेलं रेनेट प्राण्याचं असू शकतं. कोरियन, जपानी यादी फोनच्या कॅमेऱ्यानं वाचता येते, पण तो अनुवाद कधी कधी चुकतो. शंका असलेलं पाकीट आम्ही वेगळ्या वाटीत, वेगळ्या टेबलावर ठेवतो. घरात माळकरी आजी-आजोबा असतील तर ते पाकीट त्या घरी नेतच नाही.

जैनांसाठी काही?

फार कमी. कांद्याची आणि लसणाची पूड जवळपास प्रत्येक तिखट प्रकारात असते. साधे खारे किकोस किंवा नुसत्या मिठाचे टॉर्टिया चिप्स घेऊन त्यावर घरचं तिखट आणि लिंबू हाच सोपा मार्ग.

एमएसजी असतं म्हणतात, ते?

हे चव वाढवणारं द्रव्य बहुतेकांत असतं, आयएनएस ६२१ या नावानं. मला त्याची भीती वाटत नाही, मिठाची वाटते. ताकीस फुएगोच्या २८ ग्रॅममध्ये साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. २८ ग्रॅम म्हणजे जेमतेम मूठभर, आणि आपलं लोणचं-पापड-चटणीचं जेवण त्याच दिवशी आधीच झालेलं असतं. म्हणून चाखायचं, पोटभर खायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी वास आणि एक तुकडा एवढ्यावर थांबावं.

मुलांना आणावं का? आणि ते एक चिपचं आव्हान?

मोठी मुलं आली तर आनंदच आहे, त्यांची जीभ आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. सौम्य तीन पाकिटांपर्यंत त्यांना बसू द्या. अगदी लहानांना नको. अख्खे तळलेले दाणे घशात अडकण्याची भीती असते, ते तर पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊच नका.

आव्हानाबद्दल स्पष्ट सांगतो. अमेरिकेत पाकी या ब्रँडची एकच चिप, खाऊन दाखवण्याचं आव्हान म्हणून, शवपेटीच्या आकाराच्या डबीत विकली जायची, कॅरोलिना रीपर आणि नागा व्हायपर या अतिजहाल मिरच्यांची. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ती खाल्ल्यानंतर चौदा वर्षांचा एक मुलगा गेला. शवविच्छेदनात त्याला हृदयाचा जन्मजात दोष असल्याचं आढळलं, आणि अतितिखट खाल्ल्यानंतर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद झाली. कंपनीनं ते उत्पादन बाजारातून काढून घेतलं. आपल्या घरातल्या कुणाच्या हृदयात काय आहे हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. अशी चिप कुणी आणली तर आम्ही ती फोडत नाही, आणि तुम्हीही फोडू नका. व्हिडिओसाठी तर नाहीच नाही.

दमा, जठराचा व्रण, मूळव्याध असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून या. पूड उडवून श्वासात जाऊ देऊ नका, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.

पाकिटं मिळतात कुठे?

भारतीय ब्रँड कुठल्याही किराणा दुकानात. डोरिटोज, कोरियन काही प्रकार विश्रामबागेतल्या मोठ्या दुकानांत, साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास शोधा. ताकीस, कॉर्निक यांसाठी पुणे किंवा ऑनलाइन. किंमत कुरकुऱ्यांच्या कितीतरी पट असते, म्हणून वर्गणी काढून घ्या.

घेताना तीन गोष्टी बघा: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि तारीख. दूरवरून आलेल्या मालाची मुदत संपत आलेली असते. तेल जुनं झालं की खवट वास येतो, आणि मिरची-लिंबाच्या भडिमारात तो लपतो. फोडल्यावर वाटीत काढून, पूड झटकलेला एक तुकडा हुंगा. जुन्या रंगाचा, मेणाचा वास आला तर टाकून द्या, पैसे गेले तरी चालतील.

पावसाळ्यात करावं की नाही?

जून ते सप्टेंबर सांगलीत फोडलेलं पाकीट अर्ध्या तासात सादळतं. फुगवलेले प्रकार आधी, कारण ते पोकळ असतात आणि हवेतली ओल पटकन ओढतात. ताकीससारखे घट्ट तळलेले जरा टिकतात. एका वेळी एकच पाकीट फोडा. सादळलेलं जाड तव्यावर, मंद आचेवर, तेल न घालता दोन-तीन मिनिटं परतलं आणि पूर्ण गार होऊ दिलं की पुन्हा कडक होतं. गरम असताना ते मऊच लागतं, तेवढ्यावरून निराश होऊ नका.

महाबळेश्वरला घेऊन जाणार असाल तर पाकिटं टम्म फुगलेली दिसतील. वाईतून पसरणीचा घाट चढून आपण साडेतेराशे मीटरच्या आसपास जातो, बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि आतला नायट्रोजन पसरतो. माल खराब झालेला नसतो. फोडताना तोंडाजवळ धरू नका इतकंच.

आणि तिथं गेलातच तर वेण्णा तलावाजवळ कणीस घ्या. निखाऱ्यावर भाजलेलं, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून चोळलेलं. मेक्सिकोच्या रस्त्यावर कणसाला लिंबू आणि मिरचीच लावतात. मका त्या देशाच्या दक्षिण भागात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसानं एका रानगवतापासून घडवला, मिरचीही त्याच भूमीतली, आणि मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. सह्याद्रीवरच्या त्या कणीसवाल्या मावशींनी फुएगोचं पाकीट कधी बघितलेलं नसतं, पण मका, मिरची, लिंबू, मीठ हे चौघं एकत्र यावेत हे त्यांचं आणि मेक्सिकोचं मत एकच आहे. आम्ही नव्या माणसाला ताकीस देण्याआधी शक्य असेल तर असं कणीस खायला देतो. मग पाकिटातलं सायट्रिक अॅसिड आणि खरं लिंबू यांतला फरक सांगावा लागत नाही.

तुमच्या मते पहिला नंबर कुणाचा?

एकालाच देता येत नाही. मक्यासाठी कोरियन टर्टल चिप्स, आणि चारही चवींच्या ताळमेळासाठी ताकीस फुएगो, पण पहिल्या तीन सुरळ्यांपर्यंतच. त्यानंतर आंबट सगळ्यांना खाऊन टाकतं. कॉर्निकबद्दल आमच्यात कायम दोन तट असतात. लसणावर जीव असलेले ते वर ठेवतात, दात जपणारे शेवटी. मी पहिल्या तटात आहे.

भारतीय कंपन्यांकडून एक अपेक्षा आहे. चुन्यात मुरवलेल्या मक्याच्या पातळ, कडक पोळीवर खरा कांदा-लसूण मसाला, खोबऱ्या-तिळासकट, आम्ल न घालता कुणीतरी करावा. मका इथं पिकतो, पण त्यातला बराचसा वैरणीला आणि कोंबडीखाद्याला जातो. मसाला तर घराघरात आहे. अजून तरी असं पाकीट माझ्या हाती आलेलं नाही.

उरलेल्या चुऱ्याचं काय करता?

वाटीत नेहमी तळाशी पूड आणि तुकडे राहतात. ओल्या भेळेवर शेवेच्या जागी चालतात, पण मग भेळेत वेगळं मीठ घालू नका आणि चिंचेचं पाणी निम्मं करा. दहीभातावर ताकीसचा चुरा फार छान लागतो, वाढताना अगदी शेवटी घालायचा, म्हणजे कडक राहतो. थालीपिठाच्या पिठात मात्र मिसळू नका, तव्यावर तो रंग आणि साखर आधी करपते.